नऊ दिसांचा पैरा

सन दोन हजार बावीस, वैशाख महिना, अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, बुधवार. तारीख-वारासकट सांगतोय, कारण मागनं कुणी म्हणाय नगं की नानासो म्हातारा झालाय, अंदाजानं ठोकतोय. त्या दिवशी सकाळी सातला ह्या डोंगराला पयलं खोरं लागलं ते माझं. बिराप्पाचं न्हवं, माझं. आन तुमी गाडीतनं उतरता, माझ्या दारात उभं ऱ्हाता, माझ्या माठातलं पाणी पिता, आन इचारता काय, तर... 'आजोबा, बिराप्पाची विहीर कुठं आली?'

आली की. सांगतो की. विहीर काय पळून चाललीय? बसा.

तुमी कुंडलची माणसं. तुमच्या उसाच्या मुळ्या पाण्यात बुडून कुजत्यात, तरी तुमी गाडी करून आमचं पाणी बघाय येताय. परवा रहिमतपूरची गाडी आलती. त्येच्या आदल्या दिवशी कुठली तरी शाळा, साठ पोरं, साठांनी माझ्याच दारात इचारलं. तुमची तरी काय चूक, पाटीच तशी हाय. तो समोरचा लिंब बघा. त्येला पाटी ठोकलीय, पाटीवर बाण, आन बाणाखाली 'बिराप्पाची विहीर'. लिंब कुणाचा? माझा. सावली कुणाची? माझी. न्हाई म्हणाय, मला इचारलं हुतं. सरपंच आला, म्हणला, 'नाना, तुमच्या लिंबाला एक पाटी लावू का?' मला वाटलं, पयलं खोरं माझं, तवा नावबी माझंच आसणार. म्हणलं, लाव की, इचारतो काय. वर आणि खिळा धरायला मीच उभा ऱ्हायलो.

मी काय जळत न्हाई. जळणाऱ्यातला मी न्हवंच. पण झालं ते झालं तसं सांगाय पायजे का नगं?

आता ह्यो डोंगर बघा. आमचा गाव आटपाडीच्या बाजूला, माणच्या शिवेवर. ढग आमच्या डोस्क्यावरनं जातो पण उतरत न्हाई, जसा पावणा रस्त्यानं जाताना तोंड फिरवून जातो तसा. डोंगराच्या पायथ्याला हिकडं माझी विहीर, तिकडं बिराप्पाची. मधी दोनशे पावलं. बिराप्पा म्हंजे मेंढरंवाला. उभा जन्म मेंढरांमागं, आठ महिने फिरस्ती, पावसाळ्यात घर. आता नातवंडं शाळेत घातली म्हणून ठाण मांडलंय, चार एकर कसतोय. माझी विहीर कोरडी, त्येची विहीर कोरडी. आन दोनी कोरड्या हुत्या तवर, तुमास्नी सांगतो, आमचं कसं झ्याक चाललं हुतं! सकाळी तो त्येच्या काठावर, मी माझ्या काठावर. तो म्हणायचा, 'काय नाना, हाय का?' मी म्हणायचो, 'न्हाई. तुझ्यात?' तो म्हणायचा, 'न्हाई.' दोघंबी सुखानं घरला.

मग गावानं ठरवलं, डोंगरावर पडंल ते पाणी डोंगरातच मुरवायचं. दर घरानं आपल्या वाट्याचा चर खणायचा, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. माझ्या विहिरीच्या वरचा डोंगर माझ्या वाट्याला, त्येच्या वरचा त्येच्या. मला लय हौस. दीडशे डाळिंबाची झाडं हायती माझी, मी आन साळूबाईनं, म्हंजे आमच्या मंडळीनं, डोस्क्यावर पाणी वाहून जगवलेली. माझ्या विहिरीला पाणी आलं तर ती झाडं. न्हाई आलं तर सरपण. एवढाच हिशेब हुता, दुसरं काय न्हाई.

तर सांगलीस्नं, विश्रामबागेतनं, एक बाई आली. प्रियदर्शनी नाव. बाई म्हंजे पोरगीच. हातात नळी. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरलेलं, दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली. म्हणती, 'आजोबा, दोन्ही टोकांना पाणी सारखं दिसलं की ती जागा एका पातळीत. तिथूनच चर काढायचा. डोंगर वळला की चरानं वळायचं.' मी म्हणलं, बाई, चर वळवायचा? ह्या हातानं चाळीस वर्सं सरी मारलीय. माझी सरी बघाय लोकं बांधावर उभी ऱ्हायची. हिकडच्या टोकाला उभं ऱ्हाऊन एक डोळा झाकला की तिकडच्या टोकाचा खडा दिसायचा. आन तू मला वाकडं खणाय सांगतीस? ती म्हणली, 'वाकडं नाही आजोबा, समपातळीत.' मी म्हणलं, आमच्यात त्येला वाकडंच म्हणत्यात.

माझं शिक्षण चौथी, ती बी निम्मी. पण सरळ म्हंजे काय ते मला नळीनं शिकवायचं काम न्हाई. मी एक खुटी ठोकली बाभळीजवळ, दुसरी ठोकली बिराप्पाच्या हद्दीच्या पांढऱ्या धोंड्याजवळ, मधी ताणली दोरी. अशी दोरी, की वाजवली तर सूर लागंल. आन खणाय लागलो.

बिराप्पानं काय केलं? त्येनं दोरी न्हाई घेतली, नळीबी न्हाई. मेंढरं सोडली डोंगरावर आन बसला बिडी ओढत. मेंढरं त्यांच्या रोजच्या वाटनं चरत गेली, आन ह्यो आपला त्यांच्या मागनं चुन्याची फक्की टाकत गेला. झाला चराचा आखणी नकाशा! मेल्या सापागत आडवातिडवा पसरलेला. सगळा गाव हसला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असंल? बसलाय तुमच्या म्होरं.

तिसऱ्या दिवशी दोरीच्या वाटत आला एक धोंडा. बिराप्पा लांबनं म्हणला, नाना, बाजूनं काढा चर. मी म्हणलं, दोरी बाजूला होत न्हाई, धोंडा होईल. घातला हात, उचलला... आन कमरेत अशी उसण भरली, की धोंडा हुता तिथंच ऱ्हायला आन मी वाकलो तो वाकलेलाच घरला गेलो. चौघांनी धरून. साळूबाईनं वीट तापवून शेक दिला, आन शेकता शेकता म्हणती, 'सरळ माणूस पयल्यांदाच वाकलेला बघितला.'

खाटंवर पडलो. माझा चर तसाच. आन चवथ्या दिवशी बघतो तर बिराप्पा माझ्या चरात. बोलावलं न्हाई, सांगितलं न्हाई, खोरं घेऊन उतरलाय. खणून खणून दमायचा, संध्याकाळी माझ्या दारात यायचा, कमर कशी हाय इचारायचा, आन जायचा. एकदा एवढं म्हणला, 'नाना, हितनं मेंढरं कवा चालत न्हाईत. तुमची दोरी उतारावर पडलीय.' मी खाटंवरनं म्हणलं, 'चर पाण्यासाठी खणतोय का मेंढरांसाठी? दोरीच्या बाहेर खोरं जाऊ द्यायचं न्हाई.' तो म्हणला, 'बरं.'

बरं म्हणला! भांडला असता तर? चार शब्द जास्त बोलला असता तर? न्हाई. नऊ दिस माझ्या दोरीनं सरळ खणत गेला. वाटतला तो धोंडाबी पहारीनं वरच्या अंगाला सारला.

आता पैरा तुमास्नी ठावं असंल. न्हाई? उसाच्या गावात मजुरी झाली, पैरा कुठला ऱ्हायला म्हणा. पैरा म्हंजे तू माझ्या रानात चार दिस राबलास, मी तुझ्या रानात चार दिस राबणार. वही न्हाई, सही न्हाई. दिसाला दिस. आन माझा बाप सांगायचा, एक वेळ देवाचा नवस ऱ्हायला तर देव थांबतो, पैरा ऱ्हायला तर तिरडी जड होती. त्येच्यावर एकदा अर्ध्या दिसाचा पैरा ऱ्हायलता, तर अंगात ताप घेऊन गेला आन दुपारपतोर लोकाचा भुईमूग उपटून आला. त्या बापाचा मी पोरगा. आन माझ्या अंगावर नऊ दिस. बिराप्पाचे.

मग आखाडात पाऊस झाला. दोन दिवस, बरा झाला. मी पोत्याची खोळ घेऊन डोंगरावर गेलो, माझा चर बघाय. आन काय सांगू तुमास्नी... पाणी थांबंचना. माझ्या चरात आलं, की पळालं. सरळ, दोरीत, एका वेगानं, बाभळीपासनं पांढऱ्या धोंड्यापतोर, आन तिथनं धप्पकन बिराप्पाच्या चरात. चर कसला, पाट झालता पाट! आन बिराप्पाच्या त्या मेल्या सापात पाणी कसं, तर म्हशीगत बसलेलं. हालत न्हाई, डुलत न्हाई, जागच्या जागी मुरतंय. माझ्या डोंगराचं पाणी त्येच्या चरात, त्येच्या चरातलं त्येच्या विहिरीत. पावसाळा सरला तवा त्येच्या विहिरीत दोन परस पाणी. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील. आन माझ्या विहिरीत? एक बेडूक हुता. तो बी दोन दिवसांनी तिकडं गेला.

लोकांनी नारळ फोडला. विहिरीला हार घातला. गाड्या येऊ लागल्या, फोटो निघाय लागले. बिराप्पा फोटोत कसा, तर ओढून उभा केल्यागत, पटका वाकडा, हात कुठं ठेवायचं ते समजंना. मी तिथं असतो तर निदान नीट उभा तरी ऱ्हायलो असतो. मी काय जळत न्हाई. पण नऊ दिस माझ्या डोंगरावर, माझ्या दोरीनं, त्येच्या विहिरीसाठी खणलं, आन पैरा फेडायचा कुणी? मी!

आन त्येच्या पुढची गंमत. तो मागंचना.

मागितला असता तर फेडला असता, मोकळा झालो असतो, मग खुशाल तोंड फिरवून बसलो असतो. अंगावर पैरा असलेल्या माणसाला नीट रागावताबी येत न्हाई हो. बाजरी काढायला आली तवा मी इळा घेऊन त्येच्या बांधावर. तो म्हणला, ऱ्हाऊ द्या नाना, पोरं हायती. ज्वारी पेरताना गेलो. म्हणला, झाली की पेरून. कुंपण घालताना गेलो, म्हणला, च्या घ्या. शेवटी कळलं की मेंढरांची लोकर कातरायची हाय. म्हणलं, आता कसा न्हाई म्हणतो बघू. गेलो, कातर घेतली, एक मेंढरू पायात दाबलं. तुमी कवा मेंढरू कातरलंय? नगा कातरू. वरनं दिसतंय गरीब. एका अंगाची लोकर उतरली, तवर त्येनं मला असा हिसडा दिला, की मी शेणात आन ते गावात. एका बाजूनं मेंढरू, एका बाजूनं शेळी, असं ते चार दिस गावभर फिरत हुतं. जो तो इचारतोय, ह्यो कुणाचा हात? बिराप्पा मला उठवत, तोंडावरची माशी हालू न देता म्हणला, 'नाना, ह्यो दिस धराय नगं.'

मग फाल्गुन आला. गावातली डाळिंबं पिवळी पडाय लागली, आन माझी? माझी हिरवीगार. मी रोज एक चक्कर मारायचो, पानावर हात फिरवायचो. पारावर बसून लोकास्नी सांगायचो, जात कणखर पायजे, लावणारा हात खंबीर पायजे, झाड काय पाण्यावर जगतंय व्हय? झाड माणसाचं बघून जगतंय. लोकं मान हालवायची. आता कळतंय का हालवायची. चैतात एक दिस बागंत पाय अडकून पडलो, आन बघतो तर पाचोळ्याखाली काळा पाइप. पाइपाच्या मागनं निघालो. माझी बाग, माझा बांध, त्येचा बांध, त्येची विहीर.

घरी येऊन साळूबाईला इचारलं. ती भाकरी थापायची थांबली न्हाई. म्हणली, माघातच धोंडुबाईशी बोलणं झालंय, धोंडुबाई म्हंजे बिराप्पाची बायको. एक दिसाआड दोन तास मोटर. मला का सांगितलं न्हाई? तर म्हणली, 'तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी नाक वर करून बसला असता, आन झाडं गेली असती. तुमच्या नाकाला डाळिंबं लागत न्हाईत.'

तुमीच सांगा आता. नऊ दिसांचा पैरा अंगावर, वर अडीच महिन्यांचं पाणी. आन पाणी तरी कुणाचं? माझ्याच डोंगराचं! माझंच पाणी, त्येच्या विहिरीतनं, त्येच्या मोटरीनं, त्येच्या मेहरबानीनं, माझ्या झाडाला. देवानंबी कवा एवढा वाकडा चर खणला नसंल.

उठलो तसा गेलो. तो विहिरीच्या काठावर बसला हुता. म्हणलं, 'बिराप्पा, आजच्या आज पैरा माग. आन पाण्याचंबी काय ते दिसात सांग.' तो म्हणला, 'पाण्याचा पैरा नसतोय नाना. नऊ दिसांचा हाय, तो मागतो. उद्या खोरं घेऊन या.' मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणलं, कुठं येऊ? म्हणला, 'तुमच्या डोंगरावर.'

मी म्हणलं, माझ्या डोंगरावर मी राबलो तर तुझा पैरा कसा फिटंल? तर त्येनं मला विहिरीत वाकून बघाय लावलं. एका अंगाचा काठ पार ढासळलाय. दगड सुटल्यात, माती पाण्यात बसलीय. दोघांच्या वाट्याचं पाणी एका विहिरीला झेपंना झालंय. म्हणला, 'आणखी एक पावसाळा असा गेला तर विहीर आत बसती. तुमचं पाणी तुमी ठिवून घ्या नाना. ते थांबवाय नऊ दिस लागतील. ते माझेच दिस.'

बघा, म्हंजे माणूस किती आतल्या गाठीचा! का सरळ? मला अजून कळंना झालंय. मी रात्रंदिस त्येच्या पाण्यावर डोळा ठिवून, आन त्येला त्या पाण्याचं वझं झालेलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. तो मेंढरं घेऊन हजर. पयल्यांदा त्या सरळ चरात दर दहा पावलांवर मातीचा आडा घालायचा, पाणी पळू नये म्हणून. मग त्येच्या वरच्या अंगाला नवा चर. मेंढरं सोडली, ती आडवी चरत गेली, मी मागनं फक्की टाकत गेलो. मी, नानासो, मेंढरांच्या शेपटीकडं बघून आखणी करतोय! वर प्रियदर्शनी बाई नळी घेऊन आलती. तिनं दोन्हीकडं काठ्या लावल्या, बघितलं, परत बघितलं. एका बोटाचा फरक न्हाई. माझ्याकडं बघून काय बोलली न्हाई. शिकलेली पोरगी हाय, बोलाय पायजे हुतं, मला तरी भांडाय मिळालं असतं.

पयल्याच दिवशी बिराप्पानं कुदळीला हात घातला. मी म्हणलं, 'खाली ठिव. तू एक घाव घातलास, तर त्यो माझ्या अंगावर पुना चढंल.' तवा तो बसला. नऊ दिस बसला. एका खडकावर, बिडी ओढत, मेंढरं राखत. मी उन्हात खणतोय, एकाहत्तरचं वय, आन तो गार बसलाय, आन पैरा त्येचा फिटतोय. सहाव्या दिवशी कमरेत जरा चमक निघाली. मी नुसता हात कमरेवर ठेवला तर हा उठून उभा. म्हणलं, बस खाली. बसला. पण त्येच्यानंतर बिडी न्हाई ओढली त्येनं, नुसतं माझ्या कमरेकडं बघत बसला. आता असल्या माणसावर जळायचं कसं? मी जळत न्हाई, पण समजा कुणाला जळायचंच असंल, तर जागा ठेवलीय का त्येनं?

तर ह्या चराच्या काठाकाठानं जावा. तो पांढरा धोंडा लागला की खाली विहीर दिसंल. मधनं तोडून सरळ जाऊ नगा, घसरशीला. आन वाटत एक मोठा धोंडा हाय, गेल्या साली ज्येनं माझी कमर धरली त्योच. काल नववा दिस. दिवस मावळतीला आलेला, चर त्या धोंड्यापाशी आला. बिराप्पा खडकावरनं उठला. माझ्याकडं बघाय लागला. मेंढरं धोंड्याला वळसा घालून पलीकडं गेलती. मी धोंड्याकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं.

आन बाजूनं काढला चर.

शेवटचं ढेकूळ वर टाकलं, खोरं पुसलं. बिराप्पा म्हणला, 'नाना, फिटला.'

मी म्हणलं, 'फिटला.'